घसा : श्वास, घास आणि शब्द यांची चौफुली

(विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक मेळाव्यात कान-नाक-घसा विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात जमाखर्चाच्या निवेदनाबरोबरच एखाद्या अवयवाची वा आजाराची ओळख करून द्यावी, असा या संस्थेचा प्रघात आहे. यंदा हा मान आमच्या विभागाकडे आला. विषय निवडताना आम्हांला फार विचार करावा लागला नाही. बाह्यरुग्ण विभागात आमच्यासमोर बसणारे कितीतरी जण एकाच वाक्याने सुरुवात करतात : ‘‘तसं काही नाही डॉक्टर, घसा बसलाय फक्त.’’ या ‘फक्त’मागे काय काय असू शकते, हे आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मराठीत या एकाच जागेला तीन शब्द आहेत. आतून दुखतो तो घसा, ज्यात हार घालतात तो गळा आणि ज्यातून सूर उमटतो तो कंठ. आपल्या आजी-पणजींनी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, तरी त्यांनी केलेली ही वाटणी बरीचशी बरोबर आहे. वैद्यकशास्त्रही येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखते : आतली पोकळी, म्हणजे ग्रसनी, बाहेरची मान, म्हणजे त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या व ग्रंथी, आणि या दोहोंच्या मध्ये बसविलेले स्वरयंत्र.

ग्रसनी ही स्नायूंची नळी कवटीच्या तळापासून निघून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत उतरते. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे 12 ते 14 सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी असते. तिला तीन मजले आहेत : वरचा नाकामागे, मधला तोंडामागे आणि खालचा स्वरयंत्रामागे. खाली तिच्या दोन वाटा होतात. पुढची वाट श्वासनलिकेची, मागची अन्ननलिकेची. आता गंमत पाहा. हवा नाकातून, म्हणजे वरून व मागून येते आणि तिला पुढच्या नळीत जायचे असते. अन्न तोंडातून, म्हणजे पुढून येते आणि त्याला मागच्या नळीत जायचे असते. म्हणजे दोघांचे रस्ते एकमेकांना छेदतात. घसा ही शरीरातील चौफुली आहे, आणि या चौफुलीवर दिवसरात्र वाहतूक चालू असते.

ही चौफुली जन्मतः इतकी धोक्याची नसते. तान्ह्या बाळाचे स्वरयंत्र मानेत बरेच वर, टाळूच्या मागील भागाला जवळजवळ टेकलेले असते. त्यामुळे अंगावर पिताना बाळ नाकाने श्वासही घेऊ शकते. नाक चोंदले की बाळ स्तन सोडून रडू लागते, त्याचे कारण हेच. मूल वाढते तसे स्वरयंत्र खाली उतरते, वर मोकळी जागा तयार होते आणि त्या जागेतच स्पष्ट बोलणे शक्य होते. बोलण्याची देणगी मिळाली, तिची किंमत म्हणून ठसकाही मिळाला.

आता आपल्यापैकी प्रत्येकाने कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून एक आवंढा गिळावा. कंठमणी वर उचलला जाऊन पुन्हा खाली आल्याचे जाणवेल. त्या सुमारे एका सेकंदात पुष्कळ कामे उरकली जातात. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर व पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडते. त्यावरचे पानासारखे झाकण मागे कलते. आत दोन्ही स्वरतंतू एकमेकांना घट्ट मिटतात. श्वास थांबतो. अन्ननलिकेचे तोंड उघडते व घास पुढे जातो. लगेच सर्व दारे पूर्ववत होतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. जेवताना बोलू नये असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली, त्यामागे हीच दारांची व्यवस्था आहे.

पहारा चुकला तर शेवटचा रखवालदार म्हणजे खोकला. म्हणून ठसक्याला आम्ही मित्र मानतो. ठसका लागलेला माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, चेहरा निळसर पडू लागला असेल, तर मात्र एक क्षणही दवडू नये. मोठ्या माणसाच्या पाठीमागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वरच्या दिशेने जोराचे हिसके द्यावेत. ही रीत अमेरिकेतील डॉ. हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये मांडली. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र असे हिसके कधीही देऊ नयेत. त्याला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून, पाठीवर तळहाताने थापट्या माराव्यात. घशात बोट घालून आंधळेपणाने चाचपू नये, कारण अडकलेली वस्तू त्याने आणखी आत जाते.

आमच्याकडे येणाऱ्या लहान मुलांच्या श्वासनलिकेतून निघालेल्या वस्तू म्हणजे आपल्या घराअंगणाची यादीच असते : शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी. आया सांगतात, ‘‘ठसका लागला होता, पण मग थांबला.’’ येथेच घात होतो. श्वासनलिकेच्या दोन फांद्यांपैकी उजवी अधिक रुंद व अधिक सरळ असते. दाणा बहुधा तिच्यात उतरून बसतो आणि ठसका शांत होतो. मग काही दिवसांनी ताप, एकाच बाजूची घरघर आणि ‘न्युमोनिया’ सुरू होतो. म्हणून खाताना लागलेला जोराचा ठसका थांबला तरी मूल दाखवून घ्यावे आणि तो ठसका डॉक्टरांना आठवणीने सांगावा. ती एक आठवण क्ष-किरण चित्रापेक्षाही मोलाची ठरते, कारण शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

घशाचा सर्वांत जुना नकाशा आपण सर्वांनी पहिलीतच पाठ केलेला आहे. तो म्हणजे आपली वर्णमाला. क, ख, ग म्हणताना जिभेचा मागील भाग टाळूच्या मऊ भागाला लागतो. च, छ, ज म्हणताना जीभ पुढे येऊन कठीण टाळूला लागते. ट, ठ, ड मध्ये तिचे टोक वर वळते. त, थ, द मध्ये दातांना भिडते. प, फ, ब तर ओठांचेच काम. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी अक्षरे घशापासून ओठांपर्यंत ओळीने मांडली. प्रत्येक ओळीच्या अखेरचे अनुनासिक, म्हणजे ङ, ञ, ण, न, म, उच्चारताना टाळूचा मऊ पडदा खाली येतो व नाकाची वाट उघडते. कंठमण्यावर बोट ठेवून लांब ‘सऽऽ’ म्हणा. काही जाणवणार नाही. मग लांब ‘मऽऽ’ म्हणा. बोटाखाली थरथर जाणवेल. ती स्वरतंतूंची थरथर होय. पुरुषाच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला शंभराच्या आसपास आणि स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास वेळा हलतात. तंतूंची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा ‘कंठ फुटतो’ तेव्हा हेच तंतू लांब व जाड होत असतात.

ही वर्णमाला आम्हांला निदानातही उपयोगी पडते. टाळूचा पडदा लुळा पडला किंवा जन्मतः दुभंगलेला असला, तर हवा नाकातून निसटते आणि ‘प’, ‘ब’ सुद्धा नाकातून येतात. जीभ आखडली तर ‘ट’, ‘ठ’ बोबडे होतात. स्वरतंतू नीट मिटेनात तर सर्वच अक्षरे घोगरी होतात. तेव्हा नातेवाईकांनी ‘आवाज बदलला’ एवढेच न सांगता कसा बदलला हे सांगितले, तर आमचे अर्धे काम झालेले असते.

आवाजाला खालून भाता लागतो, तो फुप्फुसांचा. पंडित कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले आणि काही वर्षे गाणे थांबले. 1950 च्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले ते उरलेल्या श्वासाच्या मापाने आपले गाणे घडवून. कंठ शाबूत असला तरी तो एकटा पुरेसा नसतो, हे त्यांच्या चरित्रातून सहज समजते.

आता शेजाऱ्यांकडे वळू. ग्रसनीच्या वरच्या मजल्यावरून दोन्ही कानांकडे एकेक बारीक नळी जाते. सर्दीत कानाला दडे बसतात ते या नळीमुळे. घशाच्या काही संवेदनावाहक नसांच्या फांद्या कानापर्यंतही जातात. म्हणून मोठ्या माणसाचा कान दुखतो, पण कानात काही सापडत नाही, तेव्हा आम्ही घसा पाहतो. घशातील गाठीची पहिली तक्रार कानातून आल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. गिळताना ती स्वरयंत्राबरोबर वर सरकते. मानेवर गाठ असेल तर आम्ही रुग्णाला पाण्याचा घोट का घ्यायला लावतो, त्याचे उत्तर यात आहे. दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या आहेत आणि त्यांच्या कडेने लसिका ग्रंथींच्या माळा. जुन्या लोकांनी क्षयाने सुजलेल्या या माळांना ‘गंडमाळ’ असे अगदी यथार्थ नाव दिले होते.

सर्वांत विलक्षण शेजारीण म्हणजे स्वरयंत्राची नस. ती मेंदूपासून निघून सरळ स्वरयंत्राकडे येत नाही. डाव्या बाजूची नस मानेतून छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्राला मिळते. त्यामुळे छातीतील गाठ, क्षयाने सुजलेल्या ग्रंथी किंवा फुगलेली महारोहिणी यांचा दाब तिच्यावर पडला, तर डावा स्वरतंतू लुळा पडतो. रुग्ण म्हणतो घसा बसला. आजार असतो छातीत.

घशाच्या भीतीने आपल्या भाषेत आणखी एक शब्द कोरून ठेवला आहे : घटसर्प. घशात राखाडी पडदा धरून मुलांचा श्वास कोंडणारा हा रोग लसीमुळे आज विरळ झाला आहे. विरळ झाला म्हणजे संपला नव्हे. बाळपणीच्या लसींबरोबरच दहाव्या व सोळाव्या वर्षीची मात्रा चुकवू नये, एवढीच विनंती.

आता आपल्या जिल्ह्याच्या दोन दुःखांविषयी.

पहिले दुःख 2017 सालचे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली होती. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, एकाहून अधिक रसायने मिसळलेली आणि तोंडाला फार तर उपरणे बांधलेले, असे ते चित्र होते. आपण त्या द्रवाला ‘औषध’ म्हणतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

यातील एका मोठ्या गटाची कीटकनाशके, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त रसायने, नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप थांबविणारी यंत्रणाच बंद पाडतात. निरोप अखंड चालू राहतो. लाळ व छातीतील स्राव वाहू लागतात, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. घशाच्या दृष्टीने पाहिले तर चौफुलीवरचे सर्व रखवालदार एकाच वेळी खाली बसतात. गिळता येत नाही, खोकता येत नाही आणि स्वतःचीच लाळ श्वासनलिकेत उतरते. अशा वेळी रुग्णाच्या तोंडात पाणी, दूध वा मिठाचे पाणी घालणे म्हणजे ते थेट फुप्फुसात ओतणे होय. त्याला उलटी करवू नये. कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, कुशीवर निजवावे, आणि औषधाची बाटली वा पुडी बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

येथे नातेवाईकांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिल्या उपचाराने रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो. घरची मंडळी म्हणतात, आता बरे वाटते तर घरी नेऊ. पण एक ते चार दिवसांच्या काळात काही रुग्णांचे मानेचे, घशाचे व श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडतात. श्रीलंकेतील सेनानायके व करल्लिएड्डे या डॉक्टरांनी 1987 मध्ये या अवस्थेचे नेमके वर्णन केले. तिची पहिली खूण अगदी साधी आहे : उताण्या निजलेल्या रुग्णाला उशीवरून डोके उचलता येत नाही. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. खाटेजवळ बसलेल्या पत्नीने वा भावाने ही खूण पाहिली आणि परिचारिकेला वेळीच हाक मारली, तर प्राण वाचू शकतात. म्हणूनच आम्ही अशा रुग्णांना बरे दिसत असतानाही थांबवून घेतो. बिल वाढविण्यासाठी थांबवितात, असा ज्यांचा समज झाला असेल, त्यांनी आमचे हे कारण ऐकून घ्यावे.

अशा रुग्णाला दीर्घकाळ कृत्रिम श्वास द्यावा लागला, तर मानेत पुढून छिद्र करून श्वासनलिकेत नळी बसवितात. ती पाहून नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो. रुग्णाचा आवाज बंद झालेला असतो, कारण श्वास आता स्वरतंतूंच्या खालूनच बाहेर पडतो. स्वरतंतू जागेवर असतात. बहुतेक रुग्णांत आजार उतरल्यावर नळी काढतात, छिद्र आपोआप भरते आणि आवाज परततो. ‘‘याचा आवाज कायमचा गेला का हो?’’ हा प्रश्न आम्हांला अतिदक्षता विभागाच्या दारात इतक्या वेळा ऐकावा लागला आहे, की त्याचे उत्तर या अहवालात छापले जावे असे आम्हांस वाटते.

दुसरे दुःख रोजचे आहे, म्हणून त्याची बातमी होत नाही. ते खर्ऱ्याचे. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून तयार केलेला हा पदार्थ विदर्भाच्या गावोगावच्या पानठेल्यांवर मिळत आला आहे. महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, तरी घोटण्याचा आवाज थांबला नाही. अनेकांना वाटते की तंबाखू वाईट, सुपारी निरुपद्रवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडविते, असे स्पष्ट नोंदविले आहे.

सुपारीने आधी तिखट सोसेनासे होते. मग गालाची व टाळूची आतली त्वचा पांढुरकी व ताठ होते. मग तोंड उघडेनासे होते. या विकाराचे भारतातील आरंभीचे वर्णन एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केले. टाळू आणि घशाच्या कमानीचे खांब आखडतात, हे त्यांनी दाखवून दिले. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये शिरतात का, ते पाहावे. शिरत नसतील तर दाखवावे. विशीतील मुले आमच्याकडे दीड बोट तोंड उघडून येतात. भाकरीचा घास त्यांना मोडून मोडून घ्यावा लागतो. या आखडलेल्या त्वचेवर पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढलेला असतो. शरद पवार यांच्यावर 2004 मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. व्यसनाची किंमत काय, हे ते पुढे जाहीरपणे सांगत राहिले. आर. आर. पाटील यांना मात्र तोंडाच्याच कर्करोगाने 16 फेब्रुवारी 2015 रोजी आपल्यातून नेले. रोग मोठा-लहान माणूस पाहत नाही.

तंबाखू ओढणाऱ्यांचा, म्हणजे बिडी-सिगारेटवाल्यांचा, धोका आणखी खाली, स्वरयंत्रात असतो; त्यात मद्याची भर पडली की तो अधिकच वाढतो. पण येथे निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. स्वरतंतूवर जोंधळ्याच्या दाण्याएवढी गाठ आली तरी आवाज लगेच घोगरा होतो. शिवाय स्वरतंतूंत लसिकावाहिन्या फार थोड्या असल्यामुळे रोग मानेत उशिरा पसरतो. या अवस्थेत उपचार झाले तर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात, आणि तेही स्वरयंत्र राखून. त्याच्याच मागे, बोटभर अंतरावर, ग्रसनीच्या तळाशी तीच गाठ झाली तर आवाज बदलत नाही. घास अडखळतो, कान दुखतो किंवा मानेत गाठ येते, आणि तोवर रोग पुढे गेलेला असतो. म्हणजे घोगरा आवाज ही आधी मिळालेली सूचना आहे. ती वाया घालवू नये.

ज्यांनी ही सूचना वाया घालवली, त्यांच्यापैकी एकांची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ गावच्या भजनी मंडळात पुढे गाणारे. पोळ्याच्या सुमारास त्यांचा आवाज बसला. बिडीचा परिणाम असेल म्हणून मध-हळद झाली. मग सोयाबीनची काढणी आली, मग कापसाची वेचणी, मग मुलीचे लग्न. आमच्याकडे ते होळी उलटल्यावर आले, तेही श्वासाला घरघर लागली म्हणून. पत्नी म्हणाली, ‘‘मी दिवाळीतच म्हटलं होतं यांना, हा आवाज तुमचा नव्हे.’’ नाकावाटे बारीक दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा गाठीने स्वरयंत्राची अर्ध्याहून अधिक वाट व्यापली होती. नागपूरला त्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले.

कर्करोगासाठी अशी शस्त्रक्रिया प्रथम व्हिएन्नातील थिओडोर बिलरोथ यांनी 1873 च्या अखेरीस केली. तिच्यात चौफुलीच नाहीशी होते. श्वास कायमचा मानेतील छिद्रातून आणि तोंड केवळ अन्नासाठी. दोन्ही रस्ते वेगळे झाल्यामुळे पूर्वीसारखा ठसका लागत नाही. पण चहावर फुंकर घालता येत नाही, फोडणीचा वास नीट येत नाही आणि शब्द निघत नाही. आज त्यावर मार्ग आहेत. अन्ननलिकेतून हवा काढून बोलण्याचा सराव, गळ्याला लावण्याचे विजेरीवरचे यंत्र, किंवा श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसविलेली लहान झडप. अमेरिकेतील सिंगर व ब्लॉम यांनी अशी झडप 1980 मध्ये पुढे आणली आणि बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी गरिबाला परवडेल अशी अल्प किमतीची झडप तयार केली. आमच्या या रुग्णांना आपल्यापैकीच एका देणगीदाराने विजेरीचे यंत्र घेऊन दिले. त्या यंत्राच्या एकसुरी आवाजात त्यांनी पहिल्यांदा नातवाचे नाव घेतले, तेव्हा नातू घाबरून आईच्या मागे लपला. आता तो घाबरत नाही. गुरुवारच्या भजनात आजोबा खंजिरी वाजवितात. गाणे दुसरे कोणी म्हणते.

ते आज हयात आहेत, आपल्या माणसांत आहेत, याचे आम्हांला समाधान आहे. पण पोळा ते दिवाळी या दोन-अडीच महिन्यांत ते आले असते, तर बहुधा खंजिरीबरोबर त्यांचा आवाजही राहिला असता, ही टोचणी आमच्या मनातून जात नाही.

स्वरतंतू जिवंत माणसात पाहण्याची सुरुवात एका गायनगुरूने केली. लंडनमध्ये गाणे शिकविणाऱ्या मान्युएल गार्सिया यांनी 1854 मध्ये दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात, दुसऱ्या आरशात स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आज तेच काम आपल्या देणग्यांतून घेतलेल्या दुर्बिणीने काही मिनिटांत होते. ती वापरावयास रुग्ण वेळेवर येणे, एवढेच उरते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरा आवाज, गिळताना अडखळणे, न दुखणारी मानेतील गाठ, न भरणारा तोंडातील व्रण आणि कारण न सापडणारी कानदुखी : यांपैकी काहीही असेल तर चौथ्या आठवड्याची वाट पाहू नका. बहुतेकांचे दुखणे साधेच निघेल आणि ते हसत घरी जातील. त्यांनी आमचा वेळ घेतला, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. देणगीदारांना विनंती अशी, की यंत्रांइतकेच मोल झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, उमरखेड अशा दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णाच्या गाडीभाड्याला व बुडालेल्या मजुरीला आहे, हे ध्यानी घ्यावे. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रोजंदारीवरच्या माणसाला ते त्याहून पुष्कळ दूर असते.

आणि नातेवाइकांना विनंती अशी, की आपल्या माणसाचा आवाज आपणच सर्वांत चांगला ओळखता. माणसाला स्वतःचा बदललेला आवाज लवकर कळत नाही. घरच्यांना तो पहिल्या हाकेत कळतो. तो बदलला असे वाटले, तर त्या माऊलीसारखे एकदा सांगून थांबू नका. हाताला धरून घेऊन या.